क्रूझचे भाडे भरले; बोटीवरचे बिल धरले का?

गेल्या दिवाळीनंतर एक खातेदार मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या टेबलापाशी आले. एका खासगी कंपनीत ते हिशेबनीस आहेत. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली ठेव त्यांना मुदतीआधी मोडायची होती. कारण विचारले तेव्हा ते थोडे संकोचले. मग म्हणाले, "मॅडम, दुसऱ्यांचे हिशेब लिहिण्यात जन्म गेला. माझाच एक चुकला."

तीन वर्षे दरमहा ७,००० रुपयांची आरडी भरून त्यांनी कुटुंबाच्या क्रूझसाठी पैसे जमवले होते. मुदत संपल्यावर व्याजासह सुमारे २,८०,००० रुपये हाती आले. चौघांचे पॅकेज २,७०,००० रुपयांचे होते. विमानाने सिंगापूर, तिथून बोटीवर चार रात्री, वाटेत पेनांग आणि फुकेत. पैसे पुरले, उलट दहा हजार उरले, असे त्यांना वाटले. परतीच्या आदल्या रात्री केबिनच्या दारात बोटीवरच्या खर्चाचे बिल आले ते सुमारे ९०० डॉलरचे. ते क्रेडिट कार्डावर गेले आणि तिथून पुढे मुलीच्या ठेवीपर्यंत पोहोचले.

या बिलात फसवणूक नव्हती. प्रत्येक आकडा कुठे ना कुठे छापलेला होता. फक्त तो जाहिरातीतल्या किमतीत नव्हता. अशा सहलीचा विचार तुम्ही करत असाल, तर हे बिल कसे तयार होते ते पैसे साठवायला लागण्यापूर्वीच समजून घ्या.

भाड्यात काय येते, काय येत नाही

क्रूझच्या भाड्यात साधारणपणे केबिन, मुख्य भोजनगृहातले जेवण आणि बोटीवरचे बरेचसे करमणुकीचे कार्यक्रम येतात. बंदराचे शुल्क आणि कर कधी भाड्यात धरलेले असतात, कधी वेगळे दाखवतात. इंटरनेट, मद्य व बाटलीबंद पेये, खास उपाहारगृहे, मसाज, छायाचित्रे आणि बंदरावर उतरून करायच्या सहली यांचे पैसे बहुतेक बोटींवर वेगळे द्यावे लागतात.

याशिवाय दर माणशी दर दिवशी लागणारी टिप असते. तिला ग्रॅच्युइटी किंवा सेवाशुल्क असेही म्हणतात. पूर्वी प्रवासाच्या शेवटच्या रात्री प्रवासी आपल्या मर्जीने वाढप्याला आणि केबिन साफ करणाऱ्याला पाकिटात घालून टिप देत. आता बहुतेक मोठ्या कंपन्या ती रक्कम रोजच्या रोज तुमच्या बोटीवरील खात्यात आपोआप लिहितात. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. केबिनची किल्ली असलेले कार्ड दाखवायचे आणि सही करायची. पैसे शेवटी तुमच्या बँकेच्या कार्डावरून जातात. खर्च करताना हाताला नोटा लागत नाहीत, त्यामुळे तो जाणवतही नाही.

टिपेचा दर कसा वाढला

रॉयल कॅरिबियन कंपनीची साध्या केबिनसाठीची टिप २०२२च्या मध्यापर्यंत दर माणशी दर दिवशी साडेचौदा डॉलर होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती १६ डॉलर झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये १८ डॉलर. म्हणजे सव्वा वर्षाच्या आत जवळजवळ २४ टक्के वाढ झाली. कार्निव्हल कंपनीने एप्रिल २०२३ पासून १६ डॉलर आकारायला सुरुवात केली. नॉर्वेजियन कंपनीचा दर जानेवारी २०२३ पासून २० डॉलर झाला. मोठ्या, महागड्या केबिनना दर याहून जास्त असतो. हे आकडे त्या त्या वर्षांचे आहेत. तुमच्या प्रवासाच्या तारखेला लागू असलेला दर कंपनीकडून विचारूनच घ्या.

हा दर माणशी असतो, केबिनमागे नसतो. मुलांनाही तो लागतो. काही कंपन्या फक्त दोन-तीन वर्षांखालच्या बाळांना सूट देतात. याखेरीज पेये, मसाज, खास उपाहारगृह यांच्या बिलांवर अनेक बोटींवर १८ टक्के, तर काहींवर २० टक्के सेवाशुल्क आपोआप लागते. ते दररोजच्या टिपेपेक्षा वेगळे असते.

एका कुटुंबाचा हिशेब

आमच्या खातेदारांचे बिल त्यांच्या संमतीने इथे मांडते. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक डॉलर ९० रुपयांचा धरला आहे.

टिप: १८ डॉलर × ४ माणसे × ४ दिवस = २८८ डॉलर
इंटरनेट: २० डॉलर × २ फोन × ४ दिवस = १६० डॉलर
खास उपाहारगृहात एक जेवण: ४५ डॉलर × ४ = १८० डॉलर, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क धरून सुमारे २१२ डॉलर
फुकेतची सहल: ५० डॉलर × ४ = २०० डॉलर
छायाचित्रे: ४० डॉलर

एकूण ९०० डॉलर, म्हणजे ८१,००० रुपये. त्यांच्या कार्डाला परकीय चलनातील खर्चावर साडेतीन टक्के अधिभार होता. तो २,८३५ रुपये झाला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५१० रुपये. मिळून सुमारे ८४,३०० रुपये. पॅकेजच्या किमतीच्या जवळजवळ एक-तृतीयांश.

यातली काहीच न खाता-पिता, काहीच न विकत घेता लागणारी रक्कम म्हणजे टिपेचे २८८ डॉलर, सुमारे २५,९०० रुपये. बाकीचे खर्च टाळता येतात. हा मात्र घरातून निघण्यापूर्वीच ठरलेला असतो, म्हणून तो भाड्याचाच भाग समजावा.

खरे नुकसान मात्र पुढे झाले. कार्डाचे पूर्ण बिल भरणे जमले नाही, म्हणून त्यांनी 'किमान देय रक्कम' भरली, म्हणजे पाच टक्के. त्यांच्या कार्डाचे व्याज महिना साडेतीन टक्के होते. ८४,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून सुमारे ३,४७० रुपये होतात. भरले ४,२०० रुपये; त्यातले बहुतेक व्याजातच गेले. दोन महिन्यांत त्यांनी जवळपास ८,४०० रुपये भरले आणि देणे जेमतेम दीड हजाराने कमी झाले. अशा वेळी कार्डावरच्या नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

ठेव मोडण्याऐवजी मी त्यांना ठेवीवर कर्ज सुचवले. त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो. वार्षिक ८ टक्के धरले तरी ८४,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ५६० रुपये होते. त्यातून कार्डाचे देणे त्याच दिवशी फेडले आणि मुलीची ठेव जागेवर राहिली. क्रेडिट कार्डाची थकबाकी साचली असेल, तर आधी शाखेत येऊन हा पर्याय विचारा.

ही टिप काढून टाकावी का?

अनेक कंपन्यांच्या बोटींवर मदत कक्षात जाऊन ही टिप कमी करून घेता येते किंवा काढूनही टाकता येते. समाजमाध्यमांवर तसे सल्ले मिळतात. माझे मत वेगळे आहे, आणि त्याला कारण आहे.

इंदूरला बदली होण्यापूर्वी मी मडगावच्या शाखेत होते. गोव्यातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी 'बोटीवर' असतो. सहा ते नऊ महिन्यांचा करार, मग सुट्टी, मग पुन्हा करार. त्यांची एनआरई खाती आमच्याकडे होती. एका वाढप्याने मला सांगितले होते, "मॅडम, पगार ठरलेला थोडाच असतो. घरी पाठवतो ते टिपेच्या वाटणीतून." त्याच्या घराचा हप्ता त्याच पैशांतून जात असे. काही प्रवाशांनी टिप काढून टाकली की वाटणीची रक्कम कमी व्हायची.

कामगारांच्या मोबदल्याचा एक भाग कंपनीने भाड्याबाहेर ठेवला आहे. त्यामुळे जाहिरातीतले भाडे कमी दिसते आणि पगाराचा भार प्रवाशांवर येतो. हे वेगळ्या पद्धतीनेही करता येते. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये वेगळी टिप आकारणे थांबवून ती भाड्यातच धरली. कंपनीच्या या पद्धतीवर राग येणे रास्त आहे. तो आपली चादर बदलणाऱ्या माणसावर काढू नये. सेवा खरोखरच वाईट मिळाली, तर बोटीवरच तक्रार करा. एरवी टिप द्यायचीच आहे असे धरून आधीच बाजूला ठेवा.

कार्ड वापरताना

१. परकीय चलनातील खर्चावर आपल्या कार्डाला किती अधिभार लागतो ते बँकेत विचारा. तो साधारण दोन ते साडेतीन टक्के असतो. काही कार्डांना लागत नाही.

२. कार्डाची परदेशी व्यवहारांची सोय मुळात बंद असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती ग्राहकाने स्वतः सुरू करायची असते. जाताना सुरू करा, मर्यादा घाला, परतल्यावर बंद करा.

३. बोटीवरच्या खात्याला शक्यतो डेबिट कार्ड जोडू नका. कंपनी अंदाजे रक्कम आधीच रोखून ठेवते. ती सुटायला वेळ लागतो आणि तोवर तुमच्याच बचत खात्यातले पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. अनेक बोटींवर खात्यात आधी रोख रक्कम जमा करण्याची सोय असते. खर्चाला लगाम घालायला ती उत्तम.

४. 'बिल रुपयांत भरायचे का?' असे विचारले, तर नको म्हणा. तो विनिमय दर सहसा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो.

५. मुलांच्या केबिन कार्डावरची खर्चाची परवानगी पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. बोटीवरचे खाते रोज रात्री तपासा.

६. पेयाच्या पावतीवर 'जादा टिप' अशी रिकामी ओळ असते. सेवाशुल्क आधीच लागलेले असते, हे लक्षात ठेवून सही करा.

७. बोट बंदर सोडताच फोन विमान मोडवर टाका. समुद्रावरचे मोबाइल जाळे वेगळे असते आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा येत नाही.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

एजंटला हे प्रश्न लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. किमतीत बंदर शुल्क आणि कर आहेत का? टिप धरली आहे का? नसेल तर दर माणशी दर दिवशी किती, आणि कोणत्या चलनात? ती आधी भरता येते का? अनेक कंपन्या दरवाढीच्या तारखेपूर्वी टिप भरली, तर जुनाच दर लावतात. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप किंवा कोचीला जाणाऱ्या बोटींचे बिल रुपयांत होते, पण प्रश्न हेच विचारायचे.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा करही गोळा केला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून तो सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता. २०२६च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के करण्यात आला. हा खर्च नव्हे. आयकर विवरणपत्र भरताना तो तुमच्या करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पावती जपून ठेवा.

किंमत सुरुवातीला कमी दाखवून पैसे भरताना हप्त्याहप्त्याने वाढवत नेणे, याला ग्राहक कायद्याच्या भाषेत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या १३ फसव्या पद्धतींवर बंदी घातली, त्यांत ही एक आहे. भारतातल्या विक्रेत्याने असे केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आमच्या खातेदारांनी दरमहा ७,००० ऐवजी ९,१०० रुपये भरले असते, तर हे सगळे बिल आरडीतूनच निघाले असते. तेवढे झेपणार नसते, तर एक वर्ष थांबता आले असते किंवा दोन रात्रींची बोट निवडता आली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ नये, यासाठी मसाल्याचा भाव आधी विचारावा लागतो.

परवा ते पुन्हा शाखेत आले होते. ठेवीवरचे कर्ज फिटत आले आहे. या वेळी त्यांना अंदमानसाठी नवी आरडी उघडायची होती. सोबत एक कागद होता. त्यावर भाड्याखाली आठ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीसमोर रक्कम लिहिलेली होती.