छिन्नीने पुसलेला सम्राट

तुर्कस्तानच्या नैऋत्य भागातील एस्किहिसार या गावी रोमन काळात स्ट्रॅटोनिकेया हे शहर नांदत होते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी या शहराने पाडलेली ब्राँझची मोठी नाणी आज संग्राहकांना चांगलीच परिचित आहेत. नाण्यावर दोन चेहरे समोरासमोर असावयास हवेत. दिसतो मात्र एकच. दुसऱ्याच्या जागी खरवडलेला सपाट धातू आहे.

रोमन नाणे म्हटले की आपल्याला दक्षिण भारतात सापडलेली सोन्या-चांदीची नाणी आठवतात. ती मुख्यत्वे सम्राटाच्या टांकसाळीतून निघत. बाजारहाटाची चिल्लर मात्र साम्राज्याच्या पूर्व भागातील पाचशेहून अधिक शहरे स्वतः पाडीत. एका बाजूस सम्राट, दुसऱ्या बाजूस गावचे दैवत वा मंदिर आणि भोवती ग्रीक अक्षरे, असा त्यांचा थाट असे. ही नाणी बहुधा आपल्या पंचक्रोशीतच चालत.

सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस २११ मध्ये निवर्तला आणि कॅराकॅला व गेटा हे त्याचे पुत्र संयुक्तपणे गादीवर आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कॅराकॅलाने धाकट्या भावाची आईच्या कुशीतच हत्या करविली. गेटाच्या पक्षातील सुमारे २० हजार जण मारले गेले, असे समकालीन इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो. मृताचे नाव शिलालेखांतून खोडण्यात आले. त्याची छबी असलेली नाणी कॅराकॅलाने वितळविली, असेही डिओ लिहितो.

स्ट्रॅटोनिकेयाने मात्र नाणी वितळविली नाहीत. सारी चिल्लर गोळा करून पुन्हा पाडणे म्हणजे खर्च आला आणि तोवर बाजार कशावर चालणार? त्यापेक्षा छिन्नी स्वस्त. गेटाचा चेहरा व नाव खरवडून नाण्यावर छोटे ठसे उमटविण्यात आले. कुठे शिरस्त्राणधारी अथेनाचे मस्तक, तर कुठे ‘देवाचे’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द. कॅराकॅलाची परित्यक्ता पत्नी प्लॉटिला हिचीही येथील नाण्यांवर हीच गत झाली. पर्गामम शहरातही गेटाची छबी अशीच पुसली गेली. भीतीचा हा पुरावा कोणत्याही बखरीपेक्षा बोलका आहे, कारण तो रोजच्या व्यवहारात हातोहात फिरत होता.

पुढे साम्राज्याच्या नाण्यांतील चांदी इतकी घटली की शहरांना ब्राँझ पाडणे परवडेना. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक टांकसाळ बंद पडली. दक्षिण किनाऱ्याकडील पर्गे शहराने सम्राट टॅसिटसच्या कारकिर्दीपर्यंत, म्हणजे २७५-२७६ पर्यंत, तग धरला.