हँडलवरची बॅग आणि सायकलचा तोल

सायकल जोरात ढकलून सोडून दिली, तर ती काही अंतर एकटीच धावते. डावीकडे कलू लागली की हँडल आपसूक डावीकडे वळतं, चाकं पुन्हा वजनाखाली येतात आणि ती सावरते. वर कुणी बसलेलं नसतानाही! लांबच्या प्रवासासाठी हँडलबार बॅग घ्यायला निघालेल्यानं आधी हा चमत्कार डोळे भरून पाहावा. कारण ती बॅग नेमकी याच यंत्रणेवर जाऊन बसते.

सायकल अशी सावरते कशी, याची दोन कारणं वर्षानुवर्षं सांगितली जात. पहिलं कारण म्हणजे फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुण. दुसरं म्हणजे ट्रेल. हँडल ज्या तिरप्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला तर टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे पडतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. 2011 साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांच्या गटानं एक प्रायोगिक सायकल तयार केली. तिच्यात उलट फिरणारी जादा चाकं बसवून भोवऱ्याचा परिणाम काढून टाकला आणि ट्रेलही किंचित उलटा केला. तरीही ती स्वतःला सावरत धावली! तिच्या पुढच्या भागाचं वजन मागच्यापेक्षा खाली होतं. बुटकी वस्तू उंच वस्तूपेक्षा लवकर कलंडते. त्यामुळे पुढचा भाग आधी पडू पाहायचा आणि पडता पडता हँडलला त्याच बाजूला वळवायचा.

म्हणजे हँडलबरोबर वळणारं वजन नेमकं कुठे आहे, यालाही सायकलच्या तोलात वाटा आहे. मागच्या कॅरिअरवरचं ओझं हँडलबरोबर वळत नाही, हँडलवरची बॅग मात्र वळते. तिथे अंतराचा हिशेब वर्गानं चालतो. तीच दोन किलोंची बॅग वळणाच्या अक्षापासून दहा सेंटिमीटरऐवजी वीस सेंटिमीटरवर टांगली, की तिचा वळायला होणारा विरोध चौपट! म्हणून बॅग किती लिटरची, या प्रश्नाआधी ती हँडलच्या किती पुढे लोंबते हे बघायचं.

फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांनी हे फार पूर्वी ओळखलं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1891 साली सुरू झालेली फेरी आज सुमारे 1,200 किलोमीटरची आहे आणि तिला जास्तीत जास्त 90 तास मिळतात. आपल्याकडे साडेतेरा तासांत 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची फेरी, करणारे याच परंपरेतले. रने एर्ससारख्या फ्रेंच कारागिरांनी पुढच्या चाकावर छोटं कॅरिअर बसवून बॅग त्यावर टेकवली. तिचा भार खाली आला, अक्षाजवळ आला आणि हलायचा थांबला. आजच्या बऱ्याच सायकलींचा ट्रेल साठ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्या फ्रेंच सायकलींचा मात्र पुष्कळदा तीस-चाळीसच. ट्रेल जास्त आणि वर पुढे ओझंही असेल, तर हळू चालवताना हँडल एका बाजूला कोसळू पाहतं. ट्रेल कमी केल्यामुळे ती ओढ सौम्य झाली. सायकल आणि बॅग यांचा विचार त्यांनी एकत्र केला होता!

हे सगळं अनुभवायचं तर कोकणचा सागरी मार्ग उत्तम. खाडीकडे झपकन उतरायचं आणि पलीकडे तासाला पाच-सहा किलोमीटरनं चढायचं. उतारावर सैल बॅग झुलते आणि तिचा प्रत्येक झोका हातात येतो. चढावर पुढचं जड ओझं हँडल ओढत राहतं. मधे दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगडची फेरीबोट येते. तिथे एका खटक्यात सुटणाऱ्या बॅगेची किंमत कळते. पैसे, कागदपत्रं, कॅमेरा खांद्याला आणि सायकल कठड्याला.

पावसाळ्यात निघणार असाल तर बॅगेचे जोड बोटानं चाचपून पाहा. कापड कितीही जलरोधक असलं, तरी शिलाईत सुईनं पाडलेलं प्रत्येक भोक पाण्याला वाट देतं. म्हणून चांगल्या वॉटरप्रूफ बॅगांचे जोड उष्णतेनं सांधलेले असतात आणि तोंड गुंडाळून किंवा खोलगट झाकणानं बंद होतं.

दुकानात जाताना सायकल बरोबर न्या. बॅगेत दोन पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ब्रेकच्या केबल दबतात का, बॅग टायरला किंवा दिव्याला अडते का, पकड हँडलवर घसरते का, ते पाहा. मग एक फेरी मारा: आधी अगदी हळू, मग वेगात. हलकं आणि सतत लागणारं तेवढंच या बॅगेत ठेवायचं. पाने, ट्यूब, कुलूप यांची जागा खाली, कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पॅनिअर बॅगेत. दोन बॅगांमध्ये मन अडकलं, तर लहान, अक्षाला चिकटून बसणारी आणि तसूभरही न हलणारी निवडा. सायकल स्वतःला सावरते, हे तिचं सर्वांत मोठं देणं आहे. ते शाबूत ठेवणारी बॅग हीच तुमची बॅग.