जुन्या आमवातांतील नवें दुखणें

डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या आमवातानें वीस-पंचवीस वर्षें ग्रासलेल्या वृद्धेच्या घरांत "आज फार दुखतें" हे शब्द कोणाला नवे राहिलेले नसतात. पावसाळी हवेला किंवा अतिश्रमाला दोष देऊन शेक आणि लेप सुरू होतात. पुष्कळदां तेवढ्यानें भागतेंहि. परंतु अशा रोग्याची प्रत्येक वेदना जुन्या रोगाच्याच खात्यावर मांडणें धोक्याचें असतें.

जुन्या रोगाची चाल ठराविक असते. बहुधा दोन्ही मनगटें व बोटांच्या मुळांचे सांधे बरोबरच सुजतात आणि सकाळीं तासभर, कधीं अधिकहि, आंखडलेले राहतात. ही चाल रोग्याइतकी दुसरा कोणी ओळखीत नाहीं. "हें दुखणें नेहमींसारखें नाहीं" असें तो म्हणूं लागला, तर त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. घरचीं माणसें मात्र सोसण्याचा उपदेश करण्यांत पटाईत असतात!

एकच गुडघा एक-दोन दिवसांत लाल होऊन सुजला व ऊन लागूं लागला, तर सांध्यांत पू धरत असल्याचा संशय घ्यावा लागतो. जंतु रक्तावाटे येऊन आधींच झिजलेल्या सांध्यांत सहज घर करतात. ताप आलाच पाहिजे असें नाहीं. आमवाताचीं कांहीं औषधें प्रतिकारशक्ति मंद करतात व ताप झांकला जातो. पुवानें सांध्यांतील कूर्चा थोड्याच दिवसांत नष्ट होते. म्हणून तेल चोळीत न बसतां त्याच दिवशीं डॉक्टरकडून सुईनें सांध्यांतील पाणी काढून तपासून घ्यावें.

पाठींतील कळ निराळी. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यांनीं १९४८ सालीं आमवातावर कॉर्टिसोन प्रथम वापरलें, तेव्हां अंथरुणाला खिळलेले रोगी चालूं लागले. १९५० च्या नोबेल पारितोषिकांत हेंच यांना वांटा मिळाला. मात्र या जातीचीं औषधें वर्षानुवर्षें घेतलीं म्हणजे हाडें ठिसूळ होतात. मग पाण्याची बादली उचलण्याचें निमित्त होतें आणि मणका दबतो.

सर्वांत फसवें दुखणें मानेचें. पहिल्या दोन मणक्यांना जखडणारे बंध रोगानें सैल पडतात व वरचा मणका पुढें सरकतो. डोक्याच्या मागें ठणका, हातांना मुंग्या, सदऱ्याचीं बटनें लावतांना होणारी पंचाईत, अडखळती चाल, हीं मज्जारज्जु दाबली जात असल्याचीं चिन्हें होत. अशा माणसानें न्हाव्याकडून मान मोडून घेणें म्हणजे जिवाशीं खेळ! मान सरळ ठेवून काढलेल्या क्ष-किरण-चित्रांत हा दोष कधीं कधीं दिसत नाहीं, वांकवून काढलेल्या चित्रांत दिसतो. शस्त्रक्रिया गुडघ्याची असो वा पोटाची, भूल देणाऱ्या डॉक्टरला हा जुना आमवात आधींच सांगावा लागतो. कारण श्वासनलिकेंत नळी घालतांना रोग्याची मान मागें वळविली जाते.