खुर्ची कोणाच्या बळावर चालावी?

नातेपुत्यासारख्या गावात एखाद्या घरी चाकाची खुर्ची आणावयाची वेळ आली की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. हाताने चालणारी खुर्ची काही हजारांत मिळते. बॅटरीवर चालणारीस कैक पट अधिक पैसे पडतात. मग साधी खुर्ची घेऊन विषय मिटविला जातो. हा हिशेब अपुरा आहे. खुर्ची ही उपभोगाची वस्तू नसून उत्पादक भांडवल आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरूनच नोकरी केली आणि १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभारली.

बसणाऱ्याचे हात व खांदे बळकट असतील, तर साधी खुर्चीच श्रेयस्कर. ती घडी घालून एस.टी.त चढविता येते; तिची बरीचशी दुरुस्ती सायकलच्या दुकानातही होते. मात्र ती अंगमापाची हवी. रुग्णालयातील अवजड खुर्ची मुळात दुसऱ्याने ढकलण्यासाठी असते. ज्याचे हातच दुबळे, त्याच्यामागे बहुधा पत्नी वा आई उभी राहते. तिची बुडालेली मजुरी कोणत्याही पावतीवर दिसत नाही. ती जमेस धरली, तर स्वस्त खुर्ची महाग ठरते.

बॅटरीच्या खुर्चीलाही छुपा खर्च आहेच. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, मोटार बिघडल्यास जाणकार कारागीर शोधावा लागतो, आणि वजनामुळे दोन पायऱ्याही दुर्लंघ्य ठरतात. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेले ‘निओबोल्ट’ हे साध्या खुर्चीला जोडता-काढता येणारे मोटारचे चाक म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहे.

सहायक साधनांसाठी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. परंतु साधन वाटले की कर्तव्य संपले, ही वृत्ती सोडावयास हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करणे बंधनकारक केले. एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार, हे त्याचे साधे गणित. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत, असे राज्याचे धोरण आहे. नातेपुत्याच्या नगरपंचायतीने त्यातून उतार बांधावेत, दुरुस्तीची सोय करावी आणि खरेदीपूर्वी दोन्ही खुर्च्या चालवून पाहण्याची संधी द्यावी. माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी गाव दरसाल सज्ज होते. तीच तत्परता येथेही दाखविणे अशक्य नाही.