जुना चरक भंगारात घालण्यापूर्वी

बिहारमधील बिहिया येथे १८७० च्या दशकात बैलाचा लोखंडी चरक तयार होऊ लागला. तसलाच तीन लाटांचा चरक आपल्यापैकी काहींच्या गोठ्यामागे गंजत पडला असेल. भंगारवाला तो वजनावर मागतो. देऊ नका. घरच्या छपरीत तो पुन्हा चालता होतो, फक्त घाई नको.

आधी घण बाजूला ठेवा. चरकाचे अंग बिडाचे. ते वाकत नाही, थेट तडकते. मी स्वतः असा एक कान मोडला आहे, म्हणून सांगतो. जाम लाटेवर डिझेल सोडून आठवडाभर थांबा. लाट फिरू लागली की बुश पाहा, बहुतेक दुखणे तिथेच असते. नवे बुश कातून मिळतात.

लाटा झिजल्या म्हणून लेथवर कातून घेतात, तिथे फसगत होते. लाट बारीक झाली की जवळ आणावी लागते. मग दातेरी चाके एकमेकांत जादा रुततात अन् दात तुटतात. कातायचे ते अगदी थोडे. ऊस शिरतो तिकडे फट मोठी, चिपाड निघते तिकडे लहान ठेवावी. लाटांना रंग लावू नये, रस पोटात जायचा आहे. दातेरी चाकांवर मात्र पत्र्याचे झाकण हवेच. पोरे बोटे घालतात.