गणेशमूर्तीचे रंगकाम

गणेशमूर्तीचे रंगकाम : भाद्रपद शुद्ध चतुर्थीस पूजावयाच्या गणपतीच्या शाडूच्या किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीस अस्तर, रंगलेप व आखणी यांनी पूर्णरूप देण्याची हस्तकला. मुंबईत गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील कारखान्यांत ती विशेष वाढीस लागली. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे गिरणगावातही तो रुजला. ‘लालबागचा राजा’ बसविणारे मंडळ १९३४ मध्ये स्थापन झाले. घरगुती मूर्तींच्या जोडीस उंच सार्वजनिक मूर्तींचीही मागणी वाढली. अशा भव्य मूर्तींसाठी परळचे विजय खातू (मृत्यू २०१७) प्रसिद्ध होते. पेण (जि. रायगड) येथून न रंगविलेल्या कच्च्या मूर्ती आणून केवळ रंगकाम मुंबईत करण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे एकाच साच्यातील मूर्ती दोन कारखान्यांतून निराळ्या मुद्रा घेऊन बाहेर पडतात.

मूर्ती पूर्ण वाळल्याखेरीज रंगकामास हात घालीत नाहीत. हे काम ऐन पावसाळ्यात चालते व दमट हवेत शाडू सावकाश वाळतो. आत ओल राहिल्यास रंग फुगून सुटतो. तडे बुजवून व पॉलिश कागदाने घासून मूर्ती गुळगुळीत केल्यावर तिला पांढरे अस्तर देतात. जुन्या पद्धतीत खडूची पूड सरसात कालवून हे अस्तर तयार करीत. सरस अधिक झाल्यास थर आकसून त्याचे पापुद्रे निघतात. कमी पडल्यास रंग हाताला लागतो. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर अधिक टिकतात. प्लॅस्टर पाणी झपाट्याने शोषते. म्हणून त्यावर अस्तर नीट बसले नाही, तर वरचा रंग डागाळतो.

यानंतर पांढऱ्यात पिवळा व किंचित तांबडा रंग मिसळून अंगाचा रंग देतात. सोंडेच्या वळ्या, कानांच्या कडा व पोटाची गोलाई गडद छटेने उठावदार करतात. मग पीतांबर, शेला व आसन रंगवितात. अंगाचा रंग वस्त्रावर थोडा ओघळला, तरी वस्त्राच्या रंगाने ती कड साफ करता येते; उलट क्रमात ही सोय राहत नाही. मुकुट व दागिने यांवरील सोनेरी रंग त्यानंतर लावतात, कारण छटा देताना उडालेल्या तुषारांनी त्याची झळाळी मंदावते.

डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते व मूर्तीचे यश तिच्यावरच अवलंबून असते. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग, कोपऱ्यांतील गुलाबी छटा, पापणीची रेषा, तपकिरी बुबुळ, काळी बाहुली आणि तीवरील प्रकाशाचा पांढरा ठिपका असा सामान्यतः क्रम असतो. टोकदार कुंचल्याने, श्वास रोखून, एका दमात रेषा ओढावी लागते. एका डोळ्याची रेषा काढताच तशीच दुसऱ्याची काढतात. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे वळल्यास दोहोंची नजर जुळत नाही. उंच मूर्तीची दृष्टी किंचित खाली ठेवावी लागते, अन्यथा समोर उभ्या भक्ताच्या डोक्यावरून ती निघून जाते. म्हणून आखणी करणारा परांचीवरून वारंवार उतरून मूर्ती खालून पाहतो. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गेच्या डोळ्यांचे रेखन महालयेच्या दिवशी विधिपूर्वक करण्याची परंपरा आहे. महाराष्ट्रात आखणी हे कारखान्यातील काम असून प्राणप्रतिष्ठा चतुर्थीस पूजास्थानी होते.

फवारणीच्या यंत्राने अंगरंगाचे व छटांचे काम पुष्कळच सोपे केले. एकाच हंगामात शेकडो मूर्ती रंगविणे त्यामुळे शक्य झाले, परंतु सर्व मूर्तींची कांती एकसारखी दिसू लागली. आखणी मात्र हातीच राहिली; ती साधलेल्या कारागिरास म्हणूनच कारखान्यात वेगळा मान असतो.

विसर्जनानंतर रंग पाण्यात उतरतात, हा प्रश्न या कलेपुढे आहे. काही रासायनिक रंगांत शिसे, पारा यांसारख्या विषारी धातूंची संयुगे असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. त्यांत नैसर्गिक माती व बिनविषारी रंग यांवर भर आहे. गेरू व पिवळी माती हे खनिज रंग टिकाऊ असले, तरी त्यांच्या छटा मोजक्या आहेत. हळदीचा पिवळा उजेडात लवकर उडतो. दीड दिवसाच्या मूर्तीस तो चालतो, महिनाभर आधी रंगवून ठेवलेल्या मूर्तीस चालत नाही.