मध्यरात्रीं उठणारीं वादळें

वळवाचा पाऊस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दुपारभर जमीन तापते, तिच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते, चारच्या सुमारास मेघ गडगडूं लागतात आणि दिवेलागणीनंतर बहुधा सारें शांत होतें. ऊन हें या यंत्राचें इंधन. तें सरलें कीं यंत्र थांबावें, हें तर्काला धरूनच आहे. अमेरिकेच्या मध्यभागीं पसरलेल्या कॅन्सस, नेब्रास्का या सपाट मुलुखांत मात्र हा तर्क फसतो. तेथें उन्हाळ्यांत पावसाचा व विजांचा भर मध्यरात्रीच्या सुमारास असतो.

दुपारीं रॉकी पर्वताच्या उतारावर जन्मलेले मेघ पूर्वेकडे सरकत रात्रीं या मैदानांत पोंचतात, हें खरें. पण ऊन नसतां ते वाटेंतच विझत कां नाहींत? येथेंच खरी मौज आहे. दिवसा तापलेली हवा खालवर घुसळली जाते, त्यामुळें जमिनीच्या घर्षणाचा लगाम किलोमीटरभर उंचीवरील वाऱ्यालाहि जाणवतो. सूर्यास्तानंतर तळची हवा थंड व जड होऊन गाळासारखी खालीं बसते. घुसळण थांबते, वरच्या वाऱ्याचा लगाम सुटतो. पृथ्वीच्या स्वतःभोंवतीं फिरण्यामुळें त्याची दिशा हळूहळू वळते आणि मध्यरात्रीनंतर त्याचा वेग शिगेला पोंचतो. अंगणांत पान हलत नसतें, आणि अर्ध्या किलोमीटरावर तोच वारा तासाला साठसत्तर किलोमीटर वेगानें धांवत असतो! ब्लॅकॅडर या शास्त्रज्ञानें १९५७ सालीं ही उपपत्ति मांडली. मैदानाच्या उताराचाहि त्यांत वांटा असल्याचें पुढें दिसून आलें. हा वारा मेक्सिकोच्या आखातावरील ओलावा उत्तरेस वाहून आणतो आणि थंड हवेच्या सीमेशीं पोंचला कीं तिच्यावर चढतो. रात्रीच्या वादळाचें मूळ असें पुष्कळदां जमिनींत नसून अधांतरीं असतें.

आतां भाकित करणाराची अडचण पाहा. हवा मोजणारे फुगे जगभर मुख्यतः दोन ठराविक वेळीं सोडतात. या मैदानांत उन्हाळी घड्याळाप्रमाणें त्या वेळा सकाळीं सात व सायंकाळीं सात अशा येतात. म्हणजे वारा ऐन भरांत असतां आकाशांत बहुधा फुगाच नसतो. रडार थोडें सांगतें. २०१४ पासून तेथील हवामानखातें तीन किलोमीटरांच्या चौकटींचें गणित दर तासाला नव्यानें मांडतें. तरी एक नाजूक प्रश्न उरतोच : तळाशीं बसलेला थंड थर किती जाड? तो जाड असला, तर वादळाचे झोत पुष्कळदां वरच्यावर अडतात आणि पावसागारांवर निभावतें. पातळ असला, तर तेच झोत जमिनीवर आदळून छपरें उडवितात. या रात्रींचा अभ्यास करण्यासाठीं २०१५ च्या १ जूनपासून १५ जुलैपर्यंत विमानें व फिरतीं रडारें घेऊन शास्त्रज्ञ कॅन्ससच्या परिसरांत जागत होते.

हा निव्वळ पंडिती प्रश्न नव्हे. अंधार पडतांच बळावणारा हा वारा मेघांना पीळहि देतो, आणि मग टोर्नाडोची सोंड खालीं उतरते. १९५५ च्या २५ मे रोजीं रात्रीं साडेदहाच्या सुमारास कॅन्ससमधील उडाल गांवांत सुमारें ऐशीं माणसें दगावलीं. २००७ च्या ४ मे रोजीं रात्रीं ग्रीन्सबर्ग हें गांव जवळजवळ भुईसपाट झालें. परंतु भोंगे आधीं वाजले होते, लोक तळघरांत उतरले होते, आणि तेथील मृतांची संख्या अकरावर राहिली. रात्रींचा टोर्नाडो दिवसाच्या मानानें अडीचपट प्राणघातक ठरण्याचा संभव असतो, असें २००८ सालच्या एका अभ्यासांत आढळलें. कारण उघड आहे : निजलेल्या माणसाला आभाळ दिसत नाहीं, आणि गांवचा भोंगा बंद दारांआड नीट ऐकूं येत नाहीं. म्हणून तेथें कित्येक घरांत उशाशीं एक लहानसा रेडिओ असतो; एरव्हीं मुका, पण इशारा सुटला कीं आपण होऊन कर्कश वाजूं लागणारा.